मिटुटोयोचा ०–२५ मायक्रोमीटर: उद्यमनगरातल्या पोरांसाठी एका टूलमेकरचं मत

घ्या. स्वस्त मायक्रोमीटरच्या तीन-चार पट पैसे मोजावे लागले तरी हाच घ्या. ज्याला तेवढंच वाचायचंय त्यानं इथं थांबावं. ज्याला कारण हवंय त्याच्यासाठी पुढचं लिहितो.

मायक्रोमीटर म्हणजे स्क्रू फिरवून वस्तूची जाडी मापायचं साधन. मी ज्याबद्दल लिहितोय तो मिटुटोयो या जपानी कंपनीच्या १०३ मालिकेतला साधा, आकडे डोळ्यांनी वाचायचा मायक्रोमीटर. मॉडेल १०३-१३७, माप ० ते २५ मिलिमीटर, लीस्ट काउंट, म्हणजे वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०१ मिलिमीटर. हिरव्या एनॅमलची फ्रेम, मागं रॅचेट (ठरावीक दाबानंतर निसटणारी मूठ), स्पिंडल (सरकणारा दांडा) आणि अ‍ॅन्व्हिल (समोरचा स्थिर टेकू) यांच्या तोंडाला कार्बाइड, स्टीलपेक्षा कितीतरी कठीण. सेल नाही, स्क्रीन नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पुतण्याचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. तिथं मोटर-पंपाच्या शाफ्टची कामं येतात. त्याच्यासाठी हा घेतला आणि आता रोज वापरात आहे.

घेताना पुतण्याचं म्हणणं होतं, "आण्णा, डिजिटल कॅलिपर हाय की आपल्याकडं. पॉइंटनंतर दोन आकडे दाखवतोय. मग ह्यो कशाला?" हा प्रश्न मला उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात सगळीकडं ऐकू येतो, म्हणून नीट सांगतो. कॅलिपर ०.०१ दाखवतो हे खरं, पण सहा इंची चांगल्या कॅलिपरची स्वतःची चूकच ०.०२ मिलिमीटरपर्यंत धरलेली असते. शिवाय त्याची पट्टी एका रेषेत आणि जॉब (मापायचा तुकडा) धरणारे जबडे दुसऱ्या रेषेत. जरा जास्त दाबलं की जबडा तिरका होतो आणि आकडा बदलतो. मायक्रोमीटरमध्ये स्क्रू आणि जॉब एकाच रेषेत असतात, दाब किती द्यायचा ते रॅचेट ठरवतं. आता २५ मिलिमीटरची बेअरिंगची जागा के-६ मध्ये (शाफ्टचं माप किती कमी-जास्त चालेल ते ठरवणारा मानक वर्ग) करायची म्हटली तर शाफ्ट २५.००२ ते २५.०१५ च्या मध्ये बसायला पाहिजे. सगळी मोकळीक १३ मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. २० मायक्रॉन चुकू शकणाऱ्या साधनानं ती मापायची म्हणजे अंदाजपंचे कारभार. मग बेअरिंग एक तर शाफ्टवर फिरतं, नाही तर हातोड्यानं ठोकून बसवावं लागतं आणि चार महिन्यांत आवाज करायला लागतं. गिऱ्हाईक म्हणतं बेअरिंग डुप्लिकेट होतं. बिचारं बेअरिंग.

माझा हा आग्रह कुठून आला तेही सांगतो. कळंब्याच्या आयटीआयमधून टूल अँड डाय मेकर होऊन मी खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत लागलो आणि तिथल्याच टूलरूममधून निवृत्त झालो. कारखाना १८६९ सालचा. २०२१ च्या १ ऑक्टोबरला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या केल्या, तेव्हा तो म्युनिशन्स इंडियाकडे गेला. टूलमेकर स्वतः काडतूस बनवत नाही. ७०-३० पितळेच्या (७० भाग तांबं, ३० भाग जस्त) चकतीची आधी वाटी होते, मग ती ओढून ओढून लांब करतात, मधे मधे तापवून मऊ करतात, शेवटी बूड ठोकतात. या प्रत्येक पायरीला लागणारे पंच (आत दाबणारा दांडा) आणि डाय (बाहेरचा साचा), आणि बाहेर आलेला माल तपासणारे गेज, हे आमचं काम. पंच चार-दोन मायक्रॉन झिजला की मालाची भिंत तेवढी बदलते. हे डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. मापावर विश्वास ठेवण्यावाचून दुसरा मार्गच नसतो.

आणि गेजचं काम तर त्याहून बारीक. विचार करा, रायफल बनते इशापूरला किंवा तिरुचिरापल्लीला. काडतूस बनतं खडकीला किंवा वरणगावला. रायफलवाल्यानं काडतूसवाल्याला कधी पाहिलेलं नसतं. दोघांची गाठ पडते ती सीमेवर, जवानाच्या हातात, आणि तेव्हा ५.५६ मिलिमीटरची कुठलीही गोळी कुठल्याही रायफलच्या चेंबरमध्ये बसायलाच पाहिजे. ती बसते कारण दोन्हीकडं एकाच मापाशी इमान राखणारे गेज असतात. 'गो' गेज सहज गेला पाहिजे, 'नो-गो' अडलाच पाहिजे. मला या कामाचा अभिमान होता आणि आहे. बाहेर कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर मी 'गेज करतो' एवढंच सांगायचो. ऐकणाऱ्याला त्यातून फारसं काही कळायचं नाही, पण मला तेवढं पुरे होतं.

तो गेज कसा होतो ते एकदा बघण्यासारखं असतं. ओएचएनएस (तेलात कडक होणारं) स्टील टर्न करायचं, हार्डनिंग करायचं, मग एजिंग करायचं, म्हणजे ते स्थिर होऊ द्यायचं, कारण कडक केलेलं स्टील पुढंही थोडं थोडं बदलत राहतं. त्यानंतर ग्राइंडिंग, आणि लॅपिंगसाठी, म्हणजे पेस्ट लावून शेवटचं बारीक घासण्यासाठी, काही मायक्रॉन शिल्लक ठेवायचे. बिडाचा लॅप, डायमंड पेस्ट, आणि हात. हाताला मशीन समजून घासलं की टोकं गोल होतात. जॉब फिरवत, उलटसुलट करत, मधे थांबून पुसत घासावं लागतं. शेवटचं माप त्याच दिवशी घ्यायचं नाही. गेज रात्रभर २० अंशांच्या खोलीत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी कम्पॅरेटरवर (दोन मापांतला बारीक फरक दाखवणारं यंत्र) स्लिप गेजशी, म्हणजे नेमक्या मापाच्या स्टीलच्या ठोकळ्यांशी, ताडून बघायचा. तिथं मायक्रोमीटरचा शब्द अखेरचा नसतो. पण लॅपिंग सुरू असताना किती उरलंय हे दर दहा मिनिटांनी सांगणारा तोच. टूलरूममध्ये प्रत्येकाचा मायक्रोमीटर वेगळा असायचा आणि दुसऱ्याच्या मायक्रोमीटरला कुणी हात लावत नसे.

आता या मायक्रोमीटरवर येतो. पेटीतून काढल्यावर मी आधी थिंबल (फिरवायची बाहेरची नळी) फिरवून बघितलं. ० पासून २५ पर्यंत एकसारखं, कुठं घट्ट नाही, कुठं सैल नाही. स्क्रूचा पिच अर्ध्या मिलिमीटरचा, थिंबलवर ५० भाग. मग ओळखीच्या लॅबमधून स्लिप गेज घेऊन तपासला. तपासताना ५, १०, १५ अशी गोल मापं घेऊ नका. तेव्हा थिंबल दर वेळी शून्यावरच येतं आणि स्क्रूचा एकच कोन तपासला जातो. ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५.०, १७.६, २०.२, २२.८ अशी मापं घ्यायची, म्हणजे थिंबल वेगवेगळ्या जागी थांबतं आणि स्क्रूचा फेर कुठं चुकत असेल तर उघडं पडतं. कंपनी ±२ मायक्रॉन सांगते. लॅबच्या कागदावरही त्याच्या आतच आलं. मापाची तोंडं ऑप्टिकल फ्लॅटखाली (अगदी सपाट काच) बघितली, प्रकाशाचे पट्टे सरळ आणि मोजकेच होते, म्हणजे तोंडं सपाट. मला एवढं पुरेसं होतं.

कार्बाइडच्या तोंडाचं महत्त्व कोल्हापुरात जरा जास्तच आहे. आपल्याकडं फौंड्रीचा माल, बिडाचं काम. बीड टर्न केलं की चीप पडत नाही, काळी भुकटी उडते. ती तोंडावर बसते, स्पिंडलच्या फटीत शिरते. साधं स्टीलचं तोंड त्या भुकटीनं मधोमध खड्डा पडेपर्यंत झिजतं. मग शून्य दाखवतो बरोबर आणि माप देतो चूक. कार्बाइड तिथं टिकतं. तरी माप घ्यायच्या आधी मी एक करतो आणि पुतण्यालाही करायला लावलंय: स्वच्छ पांढरा कागद दोन तोंडांत हलकेच धरायचा आणि ओढून काढायचा. पहिल्यांदा कागदावर दोन काळे गोल उमटतात. पुन्हा ओढला की फिके होतात. कागद कोरा निघाला की शून्य बघायचं. शून्य हललेलं असेल तर पेटीत चावी येते, तिनं स्लीव्ह (थिंबलच्या आतली रेघांची नळी) जरासा फिरवून रेषा जुळवायची. थिंबल उघडून रॉकेलनं धुवायच्या भानगडीत पडू नका.

उन्हाळ्याचं बोलायलाच पाहिजे. फ्रेम धातूची आहे, उघड्या मुठीत बराच वेळ धरली की हाताची ऊब तिच्यात जाते. ती चिमटीत धरा, कामं जास्त असतील तर स्टँडला लावा. त्याहून मोठी गोष्ट जॉबची. लेथवरून नुकताच उतरलेला २५ मिलिमीटरचा स्टीलचा शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर जवळजवळ सहा मायक्रॉन जाड दिसतो. मघाची के-६ ची मोकळीक १३ ची होती, तिच्यातली निम्मी इथंच संपली. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली काम करणाऱ्यांनी शेवटचा कट मारायच्या आधी जॉब थंड होऊ द्यावा. मायक्रोमीटर आणि जॉब एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्ही स्टीलचे असले, तर खोली ३५ अंश असली तरी फारसं बिघडत नाही, कारण दोघं सारखेच फुगलेले असतात. ॲल्युमिनियमला हे लागू नाही, ते स्टीलच्या दुप्पट फुगतं.

एका बाबतीत मात्र स्पष्ट सांगतो. रोजची कामं बेअरिंगच्या जागांचीच असतील तर हा ०.०१ वाला अपुरा आहे. १३ मायक्रॉनच्या मोकळिकीत १० मायक्रॉनची रेघ वाचून उरलेलं नजरेनं विभागावं लागतं. ते सरावानं जमतं, पण घाईच्या दिवशी नाही. त्यांनी याच कंपनीचा, स्लीव्हवर व्हर्नियर (रेघेच्या आतला भाग वाचायची जादा पट्टी) असलेला ०.००१ वाला घ्यावा. पुतण्यासाठी तो दिवाळीला घ्यायचा आहे. पुल्या, बुश, पिना, फ्लँज, एच-७ च्या (भोकाच्या मापाचा मानक वर्ग) बोअरमध्ये सैल फिरणारे शाफ्ट, असल्या कामांना हा उत्तम.

खरेदी करताना जपा. या नावाचा नकली माल बाजारात फिरतो. एका विक्रेत्यानं मलाही निम्म्या किमतीत तसाच हिरवा रंग, तशीच पेटी दाखवली होती. उजेडात धरला तर तोंडावर कार्बाइडचा जोड दिसत नव्हता, स्पिंडल लॉक केल्यावर जरासा सरकत होता आणि पेटीतल्या तपासणीच्या कागदावरचा नंबर फ्रेमवरच्या नंबराशी जुळत नव्हता. मी तो तिथंच परत दिला. अधिकृत डीलरकडून, जीएसटी बिलावर घ्या, दोन्ही नंबर दुकानातच ताडून बघा. वर्षातून एकदा एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमधून कॅलिब्रेशन करून घ्या. मोठ्या कंपनीचं काम हवं असेल तर तो कागद तसाही लागतोच. आणि पुढं २५ ते ५० चा घ्याल तेव्हा पेटीत सेटिंग रॉड आहे ना हे बघा, कारण त्या मापात तोंडं एकमेकांना टेकत नाहीत आणि रॉडशिवाय शून्य लावता येत नाही.