संशोधनासाठी तंजावर की चेन्नई?

तमिळ प्रदेशातल्या जुन्या साधनांवर काम करायचं असेल, मग विषय वैद्यक असो वा नाट्य, तंजावरचं सरस्वती महाल आणि चेन्नईचं रोजा मुथय्या संशोधन ग्रंथालय यांतलं आधी काय गाठायचं?

सरस्वती महाल ही हस्तलिखितांची खाण आहे. नायक राजांनी सुरू केलेला हा संग्रह तंजावरच्या भोसले घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७७७–१८३२) भरभरून वाढवला. संस्कृत पोथ्या सर्वाधिक. शिवाय तमिळ, तेलुगू, मराठी. त्यातच भोसल्यांच्या दरबाराचे मोडी कागद. मोडी आणि तमिळ दोन्ही वाचणारे अभ्यासक फार थोडे, म्हणून हे काम आपल्या लोकांनी हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

चेन्नईत मात्र छापील तमिळ जग भेटतं. कोट्टैयूरच्या रोजा मुथय्या चेट्टियारांनी जमवलेली पुस्तकं, मासिकं, नाटकांच्या जाहिराती, अगदी लग्नपत्रिकासुद्धा! शिकागो विद्यापीठाच्या पुढाकारानं १९९४ मध्ये त्याचं ग्रंथालय झालं. २००७ पासून तिथं सिंधू लिपीवरही काम चालतं.

एकोणिसाव्या-विसाव्या शतकातला समाज अभ्यासायचा तर चेन्नईच. मोडी येत असेल, तर आधी तंजावर.