पीआयडी ट्यूनिंगचा प्रशिक्षणवर्ग : एका नियंत्रण अभियंत्याचा अभिप्राय

प्रक्रिया नियंत्रणाच्या क्षेत्रात बारा वर्षे काम केल्यानंतर मी पीआयडी ट्यूनिंगचा, म्हणजे पातळी किंवा तापमान ठरलेल्या मूल्यावर राखणाऱ्या नियंत्रकाची मूल्ये प्रक्रियेला जुळवून घेण्याचा, पाच दिवसांचा प्रशिक्षणवर्ग केला, आणि तो नोकरीच्या पहिल्याच वर्षी करायला हवा होता, असे मनापासून वाटले.

या वर्गाचे खरे बळ प्रात्यक्षिकांत आहे. टाकीतील पाण्याची पातळी स्थिर ठेवण्याच्या एका साध्या प्रयोगात आलेख सारखा वरखाली होत होता. आम्ही सगळे गेन, म्हणजे फरक पडताच नियंत्रक किती जोराने प्रतिसाद देतो ते प्रमाण, कमी करत बसलो आणि दोष निघाला तो कंट्रोल व्हॉल्व्हच्या दांड्यात, जो पॅकिंग (दांड्याभोवतीची गळती रोखणारी भरती) जास्त आवळल्यामुळे अडकत होता आणि मग एकदम सरकत होता. लूप, म्हणजे मोजमाप, नियंत्रक आणि व्हॉल्व्ह यांची साखळी, मॅन्युअलवर टाकायचा, व्हॉल्व्हकडे जाणारा आउटपुट हाताने एकेक टक्क्याने बदलायचा आणि प्रवाह खरोखर हलतो का ते पाहायचे, ही सवय मला तिथे लागली. झिगलर आणि निकोल्स यांची १९४२ सालची ट्यूनिंगची पद्धत शिकवताना प्रशिक्षकांनी तिची मर्यादाही स्पष्ट सांगितली : तिच्यामुळे प्रतिसादाचे प्रत्येक शिखर आधीच्या शिखराच्या साधारण एक चतुर्थांश उरते, आणि अनेक प्रक्रियांना एवढेही दोलन सोसत नाही.

उपकरणे आणि नियंत्रक यांच्यात मूल्ये वाहून नेणाऱ्या ४ ते २० मिलिअँपिअर सिग्नलची उजळणी लवकर उरकली, ते योग्यच झाले. मात्र ऑपरेटरशी बोलून त्याची अडचण समजून घेणे, जे या पेशातले निम्मे काम आहे, त्याला जेमतेम एक तास मिळाला, ही उणीव मला फार जाणवली. तरीही नव्या अभियंत्यांना मी हा वर्ग निःसंकोच सुचवेन.