हात धरावा की हार्नेस बांधावा?

दीड ते तीन वर्षांचं मूल गर्दीत न्यायचं, तर एक तर त्याचा हात धरायचा, नाहीतर छाती-खांद्यांवर बसणारा, मागे पट्टा असलेला हार्नेस घालायचा.

हात धरला की मूल शेजारी चालतं, बोलतं. रस्ता ओलांडताना ‘थांब, आधी बघ’ हेही तिथेच शिकतं. पण एवढ्याशा मुलाला सतत हात वर करून चालावं लागतं. तो अवघडला की ते बोटं पिळून निसटतं आणि आपण नकळत हिसका देतो. पाच वर्षांखालच्या मुलांत कोपराजवळचं हाड धरून ठेवणारा अस्थिबंध सैल असतो. अशा हिसक्यानं हाड जागेवरून सरकू शकतं. मग मूल तो हात हलवेनासं होतं.

हार्नेसमध्ये ही ओढ छाती-खांद्यांवर विभागली जाते. (मनगटाला बांधायच्या पट्ट्याचं तसं नाही, ओढ शेवटी हातावरच येते.) ‘कुत्र्यासारखं बांधलंय’ असे टोमणे खुशाल ऐकून सोडून द्यावेत, बाबागाडीतल्या पट्ट्याला कुणी नावं ठेवत नाही. खरी अडचण वेगळीच. लांब पट्टा लोकांच्या पायात येतो, सरकत्या जिन्यात अडकू शकतो, आणि तो हातात आहे म्हणून आपले डोळे फोनकडे वळतात.

स्टेशन, विमानतळ, जुळी मुलं किंवा कडेवर दुसरं बाळ असेल, तर मी हार्नेसच घेईन. निवांत रस्त्यावर हात पुरे. रस्ता ओलांडताना मात्र हार्नेस असला तरी हात धराच, आणि घसरगुंडीवर सोडण्याआधी तो काढा. पट्टा गळ्याभोवती अडकू शकतो.