तीन पट्ट्यांचा हार्नेस: बुजऱ्या कुत्र्याला फोस्टर करत असाल तर हाच घ्या

आमच्याकडे सध्या सुरमी आहे फोस्टरवर, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला. रेस्क्यू केलेली देशी कुत्री, नसबंदी झालेली, त्याची खूण म्हणून कानाला खाच आहे, आणि बुजरी इतकी की आणली तेव्हा कूलरच्या मागे जाऊन बसायची अन् खोलीत माणूस असेपर्यंत जेवायलाही बाहेर यायची नाही. अशीला फिरायला न्यायचं तर सगळ्यात मोठी धास्ती सुटून पळण्याची, कारण तिला आपलं घर ओळखीचं नाही, आपला आवाज ओळखीचा नाही, हाक मारली तर अजून लांब पळेल आणि रिंग रोडकडे गेली तर संपलंच.

म्हणून तीन पट्ट्यांचा हार्नेस मागवला, म्हणजे गळ्याऐवजी अंगाभोवती बांधायचा पट्टा. साध्या हार्नेसला दोन पट्टे असतात, एक गळ्याशी आणि एक पुढच्या पायांच्या मागे. घाबरलेलं कुत्रं पुढे ओढत नाही, ते मागे सरकतं, मान खाली घालतं, कोपरं आत घेतं आणि सरळ त्यातून निघून जातं, नुसता गळ्यातला पट्टा (कॉलर) तर त्याहून लवकर निघतो कारण देशी कुत्र्यांचं डोकं निमुळतं असतं. यात तिसरा पट्टा बरगड्यांच्या मागे कमरेशी येतो, देशीची छाती खोल आणि कंबर बारीक, त्यामुळे तो पट्टा बरगड्यांवरून पुढे सरकतच नाही. अर्थात माप बरोबर हवं, पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढंच सैल. ऑर्डर करायच्या आधी छाती आणि कंबर दोन्ही टेपने मोजा, वजनावरून साईझ घेऊ नका.

याची खरी परीक्षा तान्ह्या पोळ्याला झाली. गल्लीतले पोट्टे लाकडी बैल घेऊन निघाले होते, तोवर ठीक होतं, ती लांबून बघून राहिली होती, आणि तेवढ्यात कोपऱ्यावर ढोल वाजला. सुरमी अख्खी मागे गेली, मागचे पाय रोवून, मान खाली, कान चपटे. गळ्याचा पट्टा कानापर्यंत आला पण कमरेचा जागचा हलला नाही. मी लीश (हातातली दोरी) ओढली नाही, तिच्यासोबत दोन पावलं मागे गेले आणि आम्ही दोघी बोळात शिरलो.

एक महत्त्वाचं, आणल्या आणल्या अंगावर चढवू नका. आधी नुसता तिच्या वाटीजवळ पडू दिला, मग त्याच्या गोलातून उकडलेल्या चिकनचा तुकडा धरला, म्हणजे मान तिने स्वतः आत घालायची, आपण घालायची नाही. बकलचा खटका लय मोठा आहे, त्या आवाजाला ती फार बिचकायची, म्हणून बकल मुठीत दाबून लांब बसून खटका करायचा आणि लगेच चिकन, असं रोज थोडं थोडं करत गेलो. ओठावरून जीभ फिरवली, उगाच जांभई दिली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला की तिथेच थांबायचं, ती नाही म्हणून राहिली असते. आता हार्नेस हातात घेतला की स्वतः समोर येऊन उभी राहते, आणि मला तर हे फिरण्यापेक्षाही मोठं वाटतं.

पाठीच्या कडीला पाच मीटरची हलकी लीश लावते. सुटणार नाही याची खात्री असली की आपला हात सैल राहतो, आणि लीश ताणलेली नसली की तिलाही हवं तिथे वळता येतं, नको त्यापासून लांब जाता येतं. बुजऱ्या कुत्र्याचा धीर इथूनच वाढतो माझ्या मते, मला मागे जाता येतं हे कळलं की ते पुढे जाऊन बघतं. आधी गेटपर्यंत, मग पानठेल्यापर्यंत, तिथे एका खांबाला दहा मिनिटं हुंगत बसली तर बसू द्यायचं, घाई काहून करायची. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय की डोक्यावर हात नका ठेवू, बाजूला तोंड करून बसा आणि खाऊ तिच्या मागे फेका. आता ती खाऊन वळून त्यांच्याकडे परत येते, शेपटी वर करून.

तक्रारी पण आहेत. आतलं पॅडिंग जाड आहे आणि नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा हे सकाळी सहाच्या आत किंवा रात्री उशिराच घाला (तशीही डांबरावर पंजे भाजतात) आणि घरी आलं की लगेच काढा. काखेत घासतो, तिथले केस रोज बघायचे. बकल प्लास्टिकचे आहेत, या किमतीत धातूचे द्यायला पाहिजे होते. साध्या हार्नेसच्या जवळपास दुप्पट पैसे पडले. चमकणारी पट्टी मात्र कामाची, अंधारात गाडीवाल्यांना लांबून दिसते.

तुमचं कुत्रं बिनधास्त असेल तर एवढा खर्च नका करू, साधा चालेल. पण घाबरट असेल तर इथे पैसे वाचवू नका. सुरमी दत्तक जाईल तेव्हा हा हार्नेस तिच्यासोबतच देणार आहे, कारण नवीन घरी ती परत पहिल्यासारखी बुजेल आणि पहिले काही महिने त्यांनाही हाच लागेल.