एसएम५८ वर घरी वाचन करून काही महिने झाले: बूस्टर लागतो का?

सगळीकडे एकच प्रश्न दिसतो, डायनॅमिक (आतल्या कॉइलवर चालणाऱ्या, बाहेरून वीज न लागणाऱ्या) माइकवर आवाज बारीक येतो का, वेगळा बूस्टर (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारी छोटी डबी) घ्यावा लागतो का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. पावसाळ्याच्या आधी शुअर कंपनीचा एसएम५८ हा डायनॅमिक माइक घेतला. भांडुपला रेल्वे लाइनला लागून वन बीएचके आहे, तिथेच बेडरूममध्ये ऑडिओबुकचं वाचन करते.

तर उत्तर असं की बूस्टर नाही लागत, पण तोंड माइकजवळ न्यावं लागतं, आणि जवळ म्हणजे खरंच जवळ. साधं बोलणं एक मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास असतं आणि अंतर निम्मं केलं की साधारण ६ डेसिबल वाढतात. म्हणजे अर्ध्या मीटरवर ६६, वीतभर अंतरावर ७३ च्या आसपास, चार बोटांवर ८३ आणि ओठ जाळीला टेकायच्या बेतात आले की सरळ ९०. आपण ओरडत वगैरे नाही हां, गप्पा मारतो त्याच आवाजात! अगदी तोंडाशी हे गणित तंतोतंत जुळत नाही, पण अंदाज यायला पुरतं.

आता माइकचं. कंपनीच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे ९४ डेसिबलच्या आवाजाला हा १.८५ मिलिव्होल्ट देतो, कंडेन्सर (वीज लागणारे, जास्त संवेदनशील माइक) सहज त्याच्या पाच-दहापट देतात. त्यामुळे वीतभर लांब बसून पॉडकास्टवाल्यांसारखं आरामात टेकून बोलाल तर इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडायच्या डबीचा) गेन, म्हणजे सिग्नल वाढवायचं बटण, शेवटपर्यंत पिळावा लागतो आणि मग तो बारीक सूंऽऽ आवाज मागे लागतो. माझ्या इंटरफेसचं (नाव नाही घेत, स्वस्तातला आहे) बटण शेवटच्या टप्प्यात एकदम उडी मारतं, जरा फिरवलं की धाडकन वाढतं. चार बोटांवर आले की १० डेसिबल फुकटात मिळतात, त्या टप्प्यात जायची वेळच येत नाही.

आणि खरी गंमत गेनची नाहीच, पंख्याची आहे. मुंबईत मे महिन्यात पंखा बंद करून अर्धा तास वाचून दाखवा मला. आमच्या खोलीत पंखा चालू असताना फोनवरचं ॲप ४५ दाखवतं (अंदाजेच, फोनच्या मीटरवर फार विसंबू नका), तो पंखा ४५ लाच राहतो, मी जवळ गेले की फक्त माझा आवाज चढतो. वीतभर अंतरावर दोघांत २८ चा फरक, चार बोटांवर ३८. गेन वाढवला तर पंखापण तेवढाच वाढतो, म्हणून गेनने हे होत नाही. शिवाय हा माइक कार्डिऑइड आहे, पाठीमागून कमीत कमी ऐकतो, म्हणून बूम आर्मवर वरून खाली तोंड करून लटकवलाय, पाठ पंख्याकडे. खूप फरक पडला. लोकलला मात्र काही इलाज नाही, फास्ट गेली की थांबायचं, नाहीतर रात्री एक ते चार वाचायचं, ते आपल्याच्याने होत नाही बाबा.

जवळ जाण्याची किंमतही आहे. एक म्हणजे आवाज जाड होतो, असल्या माइकला जवळून बोललं की बास फुगतोच. ऐकायला भारदस्त वाटतं, पण तासभर ऐकलं की कान दमतात, म्हणून मी ८०-१०० हर्ट्झच्या खालचं कापून टाकते. दुसरं म्हणजे प, फ, भ. आपल्या भाषेत श्वास सोडून म्हणायची अक्षरं ढीगभर, 'फाटकापाशी भला मोठा फणस' असं वाक्य समोर आलं की मीटर उड्या मारतं. बोलण्याची सरासरी ८३ असली तरी शिखरं त्याच्या बरीच वर जातात. माइक ते आरामात सोसतो, फाटतो तो इंटरफेस, म्हणून सगळ्यात जोरात वाक्य म्हणून बघायचं आणि रेकॉर्डिंगच्या मीटरवर शिखर उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही असा गेन लावायचा. भांडणाचा प्रसंग आला की मी गेनला हात लावत नाही, वीतभर मागे सरकते. आणि माइक ओठांच्या बरोबर समोर न ठेवता गालाच्या बाजूला तिरका, म्हणजे हवेचा झोत शेजारून निघून जातो. जाळीच्या आत स्पंज असतो पण फ साठी तो पुरत नाही, वरून अजून एक चढवलाय. जुलैत त्या स्पंजला असा काही कुबट वास आला की धुऊन दोन दिवस पंख्याखाली वाळवला तरी पूर्ण गेला नाही, शेवटी नवा आणला. माइकला दमट हवेने काहीही झालं नाही.

लॅमिंग्टन रोडला (मुंबईतलं इलेक्ट्रॉनिक्सचं मार्केट) जाणार असाल तर केबल जरा बरी घ्या, तिथे माइकपेक्षा केबलवर जास्त घासाघीस करावी लागली मला. बूस्टरचे पैसे वाचले त्यात खिडकीला जाड पडदा आला. पण ज्यांना हलत-डुलत, मान वळवत बोलायची सवय आहे त्यांनी हा घेऊ नये, चार बोटांवरून वीतभर मागे गेलात की आवाज एकदम पडतो आणि एडिटिंगमध्ये ते सारखं करत बसावं लागतं. कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्यांना कॉलरचा माइकच बरा.