'हॉकआय'चा अकरावा अंक : आठ महिने उशाशी ठेवल्यावर

कॉमिक एकदा वाचून झालं की कपाटात जातं, निदान माझ्याकडे तरी. हा अंक मात्र आठ महिने झाले, उशाशीच आहे. मार्व्हलच्या 'हॉकआय' मालिकेतला 11 वा अंक, 2013 सालचा. लेखन मॅट फ्रॅक्शन, चित्रं डेव्हिड आहा, रंग मॅट हॉलिंग्सवर्थ. 2014 मध्ये याला सर्वोत्कृष्ट एका अंकाचा आयझ्नर, म्हणजे कॉमिक्सच्या जगातला मानाचा पुरस्कार मिळाला, म्हणून उत्सुकतेनं घेतला होता.

हॉकआय म्हणजे क्लिंट बार्टन, ॲव्हेंजर्समधला तिरंदाज. अंगात कसलीही अद्भुत शक्ती नाही, राहायला ब्रुकलिनमधल्या एका जुन्या इमारतीत. पण या अंकाचा नायक तो नाही, त्याचा एका डोळ्याचा कुत्रा लकी आहे. इमारतीतल्या एका रहिवाशाचा गच्चीवर खून झालाय आणि लकी त्याचा माग काढतोय, तोही नाकानं.

वास कागदावर कसा काढायचा? आहानं त्यासाठी नकाशे काढलेत. लकीला कुणी भेटलं की त्या माणसाभोवती रेघा फुटतात आणि रेघांच्या टोकाला रेल्वे स्टेशनवरच्या पाट्यांसारखी छोटी, साधी चिन्हं येतात. क्लिंट म्हटला की कॉफी आलीच. कोण कुठून आलं, कुणाच्या अंगाला कुणाचा वास आहे, हे सगळं त्या चिन्हांत. इमारतही उभी चिरल्यासारखी दिसते, मजल्यामजल्यावर कोण राहतं ते लकीच्या हिशेबानं मांडलेलं. रंग मोजकेच आणि सपाट, त्यामुळे एवढ्या बारीक चिन्हांतही डोळा भरकटत नाही.

आणि संवाद! माणसं बोलतात, फुगेही निघतात, पण आत नुसत्या गिरगोट्या. मधूनच एखादा शब्द स्वच्छ उमटतो. लकीला जे शब्द कळतात तेवढेच आपल्याला वाचता येतात. क्लिंट आणि त्याची जोडीदार तिरंदाज केट बिशप एकमेकांवर चिडलेत हे आपल्याला खांद्यांवरून, हातांवरून, उभं राहण्यावरून कळतं.

पहिल्या वाचनात मला वाटलं, ही सगळी चित्रकाराची करामत, लेखकानं यात काय केलं? तिसऱ्या-चौथ्या वाचनानंतर मत पार बदललं. बाकीच्या अंकांत फ्रॅक्शनची माणसं अखंड बोलत असतात. त्याच लेखकानं इथे स्वतःची भाषा बाजूला ठेवली, आणि तरी रहस्य पुढे सरकतं, भांडण पेटतं, निरोपही होतो. कुठला शब्द लकीच्या कानापर्यंत पोचू द्यायचा आणि कुठला अडवायचा, हे सगळं लेखन आहे. फार अवघड लेखन आहे.

आता एक घरातली गोष्ट. आमच्याकडे मोती आहे, नऊ वर्षांचा. जूनमध्ये आमच्या खालच्या मजल्यावरचे काका गेले. रोज संध्याकाळी ते मोतीला ग्लुकोज बिस्किट द्यायचे. त्यानंतर बरेच दिवस फिरून येताना मोती त्यांच्या दाराशी थांबायचा. उंबऱ्याच्या फटीला नाक लावायचा, मग बाहेर राहिलेल्या चपलांचा वास घ्यायचा, पुन्हा फटीकडे यायचा. मी साखळी ओढायचो. एका रात्री हा अंक पुन्हा उघडला, लकी मेलेल्या माणसाच्या वासापाशी येतो ती पानं आली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी साखळी ओढणं सोडलं. मोती त्याचं आटपून येईपर्यंत जिन्यात उभा राहू लागलो.

मेलेला तो माणूस म्हणजे ग्रिल्स. गच्चीवर मांस भाजायचा म्हणून हे नाव पडलेलं, आणि क्लिंटला तो 'हॉकगाय' म्हणायचा. इथे या अंकाची खरी अडचण येते. ग्रिल्स आपल्याला आधी भेटलेला नसेल तर या खुनाचं काहीच वाटत नाही. सुटा अंक कुणाच्या हातात दिला तर तो चित्रांचं कौतुक करील आणि परत देईल. म्हणून 'लिटल हिट्स' हा संग्रहच घ्या, त्यात 6 ते 11 अंक आहेत. सातव्यात सँडी वादळात ग्रिल्स आणि त्याच्या वडिलांची गोष्ट आहे, ती वाचल्याशिवाय अकराव्याला हात लावू नका. नवव्याच्या शेवटी त्याचा खून होतो.

दुसरी सूचना कळकळीची. फोनवर वाचू नका. मी आधी तसंच वाचलं होतं, एकेक चौकट मोठी करून दाखवणाऱ्या ॲपवर, आणि काही म्हणता काही कळलं नव्हतं. इथे चौकटीला एकटीला अर्थ नाही. रेघ वरच्या कोपऱ्यातून निघते आणि खाली जाऊन मिळते, ती अख्ख्या पानावरच दिसते. कागदावरही काही चिन्हं फारच बारीक आहेत. माझ्या आईनं चष्मा लावूनही दोन पानं सोडून दिली.

दिवाळीत भाची आली होती, दुसरीत आहे, मराठी शाळेत. इंग्रजी वाचता येत नाही तिला. तिनं हा अंक पोटावर झोपून एका बैठकीत संपवला आणि मला गोष्ट सांगितली, जवळजवळ बरोबर. गिरगोट्यांच्या फुग्यांशी ती अडली नाही. 'त्याला पण नाही कळत ना,' म्हणाली. शेवटी केट लॉस एंजेलिसला निघते आणि लकी क्लिंटला सोडून तिच्याबरोबर जातो, त्या पानावर मात्र बराच वेळ थांबली. मी तिथे अजूनही थांबतो. लकी का गेला ते कुठेच लिहिलेलं नाही, आधीची पानं उलटून हुंगत बसावं लागतं.

पुस्तक तिला हवं होतं. माझं नाही दिलं, तिच्यासाठी दुसरं मागवलंय.