पेशी वाढवणारी पुडी

प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, कमी असण्याचा जुनाट आजार ज्यांच्या घरात आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. डेंग्यूत पेशी कमी होतात तो प्रकार वेगळा. ताप ओसरला की बहुतेकांच्या पेशी काही दिवसांत आपोआप पूर्ववत होतात. माझा आजार इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत आयटीपी. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेटना परके समजते, त्यांना प्रतिपिंडे चिकटतात आणि मुख्यतः प्लीहेत, म्हणजे पोटाच्या डाव्या बाजूच्या एका अवयवात, त्या नष्ट होतात. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. माझ्या अहवालात हा आकडा कधी 40 हजार, तर कधी 15 हजार असतो. आजार 12 महिन्यांपलीकडे टिकला की त्याला जुनाट म्हणतात, आणि माझा त्याहून बराच जुना आहे.

आधी माझ्यावर स्टेरॉइडचे उपचार झाले. गोळी चालू असली की पेशी वाढत, डोस उतरवला की पुन्हा खाली येत, आणि दरम्यान रक्तातली साखर चढू लागली. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या रक्तविकारतज्ज्ञांनी एल्ट्रोम्बोपॅग या गोळीचा विचार करायला सांगितला. ही गोळी प्रतिकारशक्ती दाबत नाही. ती अस्थिमज्जेला जास्त प्लेटलेट तयार करायला उद्युक्त करते. डॉक्टरांनी काहीही न लपवता सांगितले की ही गोळी आजार मुळापासून काढेलच असे नाही, ती बंद केल्यावर पुष्कळ रुग्णांच्या पेशी परत उतरतात, यकृताच्या तपासण्या वरचेवर कराव्या लागतील आणि खर्च दीर्घकाळ चालेल. असे प्रामाणिक बोलणे परभणीला परत येईपर्यंत घरच्यांना निराशेचे वाटू लागते आणि फसवणारा माणूस नेमका त्याच वेळी दारात येतो.

आमच्याकडे तो सासरच्या एका दूरच्या नातेवाइकाच्या ओळखीने आला. मला ताई म्हणून बोलायचा, सासूबाईंच्या पाया पडायचा. किनवट-माहूरच्या जंगलातली एक मुळी आहे, तिचे चूर्ण घेतल्याने पेशी दीड लाखांवर जातात आणि तिथेच राहतात, असे त्याने सांगितले. त्याच्या मोबाइलमध्ये रुग्णांच्या अहवालांचे फोटो होते: आधी 22 हजार, आठ दिवसांनी 1 लाख 60 हजार, असे एकामागून एक. त्या अहवालांवरच्या तारखा बहुतेक पावसाळ्यातल्या आणि त्यानंतरच्या होत्या. ते डेंग्यूचे रुग्ण असावेत, असे आता मला वाटते. त्यांच्या पेशी पपईच्या पानांचा रस घेऊन वाढल्या असत्या, किवी खाऊन वाढल्या असत्या आणि काहीही न घेताही वाढल्या असत्या. अशा रुग्णांचे अनुभव आयटीपीच्या रुग्णाला दाखवणे हाच या धंद्यातला पहिला हातखंडा आहे.

दुसरा हातखंडा जास्त हुशारीचा होता. औषध देण्याआधी त्याने माझी जुनी फाइल मागितली आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, की स्टेरॉइडची गोळी पूर्ण मात्रेत चालू असताना पेशी किती वाढल्या होत्या. त्या वेळी आम्हाला ही त्याची काळजी वाटली. आज त्या प्रश्नाचा अर्थ स्पष्ट दिसतो: ज्याच्या शरीराला स्टेरॉइड लागू पडते, तोच रुग्ण त्याला हवा होता.

पहिल्या कोर्सचे 18,000 रुपये त्याने यूपीआयने आगाऊ घेतले. औषध म्हणजे प्लास्टिकच्या लहान पिशव्यांतले तपकिरी चूर्ण होते. पिशवीवर नाव नव्हते, घटक नव्हते, बॅच क्रमांक नव्हता, उत्पादन परवान्याचा क्रमांक नव्हता. परवानाधारक आयुर्वेदिक औषधावर या गोष्टी छापाव्याच लागतात, हे आमच्या गल्लीतल्या पदवीधर वैद्यांनी नंतर सांगितले. असली पुडी आयुर्वेदाच्या नावावर खपते याचा त्यांना आमच्यापेक्षा जास्त संताप आला. अटी तीन होत्या: इंग्रजी गोळ्या बंद करायच्या, डॉक्टरांना काही सांगायचे नाही, कारण ते घाबरवतात, आणि पुडी एकही वेळ चुकवायची नाही. तपासणी मात्र हव्या त्या प्रयोगशाळेत करा, असे तो छातीठोकपणे म्हणायचा, आणि तसे म्हणणे त्याला परवडणारेही होते.

कारण पेशी खरोखर वाढल्या. 14 हजारांवरून आकडा 92 हजारांवर गेला. अंगावरचे लाल ठिपके नाहीसे झाले, पाळीतला अतिरिक्त रक्तस्राव थांबला, घरात पेढे वाटले गेले. सोबत भूक वाढली, झोप उडाली, चेहरा गोल होऊ लागला. त्याला घरात सगळे तब्येत सुधारली असे म्हणत. आयटीपीत आकडा वाढणे म्हणजे औषध खरे असणे नव्हे. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन ही स्वस्त स्टेरॉइडे चूर्णात मिसळली, तर ज्याला ती लागू पडतात त्याचा आकडा वाढणारच, मग चूर्ण जंगलातल्या मुळीचे असो की विटेचे. खोटा अहवाल तयार करण्याचीसुद्धा त्याला गरज पडत नाही. सरकारमान्य प्रयोगशाळेचा खरा अहवालच त्याची जाहिरात करतो.

दुसऱ्या कोर्सची किंमत त्याने 32,000 सांगितली. आम्ही पैशांची जुळवाजुळव करेपर्यंत पुड्या संपल्या. त्यानंतर अंगातले त्राणच गेले, उलट्या सुरू झाल्या, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागले. ‘ताई, हा शरीरातली घाण निघण्याचा काळ आहे, पैसे पाठवा म्हणजे पुढची पुडी लगेच निघेल,’ असा त्याचा निरोप आला. मला रुग्णालयात दाखल केले तेव्हा पेशी 6 हजार होत्या आणि रक्तदाब खूप खाली गेला होता.

तिथल्या डॉक्टरांनी अहवालाआधी माझा चेहरा पाहिला. डॉक्टरांनी पूर्वी लिहून दिलेली स्टेरॉइडची गोळी बंद होऊन कितीतरी महिने झाले होते, तरी चेहरा सुजल्यासारखा, पोटावर जांभळे वळ, साखर वाढलेली. सकाळी आठच्या सुमारास घेतलेल्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवते ते स्टेरॉइड, जवळजवळ नव्हतेच. बाहेरून स्टेरॉइड दीर्घकाळ मिळत राहिले की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी करतात, आणि बाहेरचा पुरवठा अचानक तुटला की शरीराजवळ काहीच उरत नाही. पेशींच्या घसरणीइतकाच हा धोकाही जिवावरचा होता. त्यांनी स्टेरॉइड शिरेतून सुरू केले, पेशींसाठी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, दिले, आणि धोका टळल्यावर स्टेरॉइडचा डोस पायरीपायरीने उतरवला.

मग एल्ट्रोम्बोपॅग सुरू झाली. ती दूध, दही, कॅल्शियमच्या गोळ्या आणि आम्लपित्ताची औषधे यांच्या किमान दोन तास आधी किंवा चार तास नंतर घ्यावी लागते, नाही तर ती पोटातच अडकते, नीट शोषली जात नाही. दिवसाची सुरुवात दुधाच्या चहाने आणि जेवणाचा शेवट ताकाने करणाऱ्या आमच्या घरात हे वेळापत्रक बसवणे हेच सर्वांत अवघड काम ठरले. माझ्या पेशी आता बहुधा 50 हजारांच्या आसपास असतात. डॉक्टर त्यावर समाधानी आहेत, कारण या आजारात रक्तस्राव न होण्याइतका सुरक्षित आकडा राखणे हे उद्दिष्ट असते. दीड लाख गाठण्याचा हट्ट पुडीवाल्याचा होता.

पुडीवाल्याचा फोन आता बंद आहे. यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअॅपवरचे सगळे निरोप आणि एका पिशवीच्या तळाशी उरलेले थोडे चूर्ण यांच्यासह आम्ही पोलिसांत आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. फसवणुकीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली येतो. ओळख करून देणारे नातेवाईक तक्रारीत नाव आले म्हणून रुसले आहेत. त्यांच्या रुसव्यापेक्षा परभणी, हिंगोली, नांदेड या भागात आणखी किती जणांच्या घरी अशी पुडी पोचली असेल याची मला जास्त चिंता वाटते.

त्या घरांना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. हे वाचून तुम्हाला तुमच्या पुडीबद्दल संशय आला, तरी ती त्याच दिवशी रागाने फेकून देऊ नका. तिच्यात स्टेरॉइड असेल तर ती अचानक बंद करणे हाच मोठा धोका आहे. पुडी, जुनी फाइल आणि आतापर्यंतचे सगळे अहवाल घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कधीपासून आणि किती घेत आहात ते काहीही न लपवता सांगा, आणि कॉर्टिसॉलची तपासणी करावी का, हे त्यांना स्वतःहून विचारा. चक्कर, उलट्या किंवा कमालीचा अशक्तपणा असेल तर बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत थांबू नका, थेट तातडीच्या विभागात जा.